ती तीन पानं काढून टाक

प्रिय,

समलैंगिकांच्या विवाहहक्कावरचं तुझं टिपण दोनदा वाचलं. भाषा चांगली आहे, राग तर त्याहून चांगला. पण पहिली तीन पानं समलैंगिकांची टक्केवारी सिद्ध करण्यात गेली आहेत, ती काढून टाक. ‘आम्हीही पुष्कळ आहोत’ असं म्हणताक्षणी तुझ्याकडून एक गोष्ट कबूल होऊन जाते: हक्क मिळायला पुष्कळ असावं लागतं. समोरचा याचीच वाट बघत असतो.

आपल्याकडे हे घडून गेलंय. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ कायम ठेवलं, तेव्हा या लोकांची संख्या नगण्य आहे आणि दीडशे वर्षांत दोनशेच्या आतच लोकांवर खटले चालले, हेही कारण म्हणून लिहिलं. मूलभूत हक्काला जणू किमान गिऱ्हाईक लागतं! २०१८ मध्ये तो निकाल गेला. पण तो युक्तिवाद कुठे गेला? चर्चेत अजून रोज भेटतो.

अमेरिकेतल्या आंतरवंशीय विवाहाचा दाखला तू दिला आहेस, तो ठेव. १९६७ च्या लव्हिंग खटल्यात बंदी उठली आणि पुढच्याच वर्षी गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत अशा लग्नांना मान्यता देणारे जेमतेम २० टक्के निघाले. न्यायालय लोकमताची वाट बघत बसलं नाही. मात्र दोन्ही अन्याय एकसारखेच, असं लिहू नकोस. वंशाने अल्पसंख्य असलेल्या मुलाला घरी निदान आपल्यासारखे आईबाप असतात. समलैंगिक मूल बहुतेकदा स्वतःच्या घरातही एकटंच असतं. हा फरक तुझी बाजू दुबळी करत नाही, उलट बळकट करतो. तो तुझ्या टिपणात नाहीच, याचं मला आश्चर्य वाटलं.

समलैंगिक विवाहावर आयर्लंडमध्ये २०१५ ला झालेल्या सार्वमतावर फार भिस्त ठेवू नकोस. तिथे ६२ टक्के लोक बाजूने होते, छानच झालं. पण तैवानमध्ये २०१७ ला घटनात्मक न्यायालयाने अशा विवाहांना मान्यता देण्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली, २०१८ च्या सार्वमतात लोकांनी विरोधात कौल दिला आणि २०१९ मध्ये संसदेने तरीही कायदा केला. एका देशाची मतमोजणी पुरावा मानलीस, तर दुसऱ्या देशाचीही मानावी लागेल.

आता सगळ्यात अवघड जागा. समलैंगिक विवाहाला मान्यता नाकारणारा आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १७ ऑक्टोबर २०२३ चा निकाल तू दोन ओळींत उरकला आहेस. पराभव असा लपवायचा नसतो. विवाहाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत होतं; नागरी सहजीवनावर, म्हणजे लग्नाऐवजी कायद्याने मानलेल्या जोडीदारीवर, तीन विरुद्ध दोन असे मतभेद होते. विशेष विवाह कायद्याची भाषा बदलली, तर वारसा, दत्तक अशा कितीतरी कायद्यांचे धागे हलतात आणि ते काम संसदेचं, हा विरोधी मुद्दा फालतू नाही. तो विरोधकांपेक्षा चांगल्या भाषेत मांड आणि मग विचार: ज्यांची तक्रारच ही आहे की आपण मोजके आहोत, त्यांना जिथे डोकी मोजूनच निर्णय होतो तिथे पाठवायचं, तर त्यांनी नेमकं काय घेऊन जायचं?

आणि प्रेमाबद्दल कमी लिही. लग्न म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कागदांचा गठ्ठा. एडिथ विंडसरला जोडीदारीण गेल्यावर ३,६३,०५३ डॉलर वारसाकर भरावा लागला, कारण अमेरिकेचं संघराज्य त्या दोघींना नवराबायकोइतकं जवळचं मानत नव्हतं. २०१३ मध्ये ती खटला जिंकली. त्या आकड्यापुढे तुझा प्रेमाच्या व्याख्येचा परिच्छेद फिका पडतो; माझाही पडला असता.

तीन पानं गेली की जागा होईल, तिथे २०२३ चा निकाल घे. दुसरा खर्डा रविवारपर्यंत पाठव. आणि हो, ‘सहानुभूती’ हा शब्द मी मोजला. अकरा वेळा आलाय.

तुझी,
ताई