मक्याच्या मुळांवर पावसानंतर दिसणारा बुळबुळीत पदार्थ म्हणजे रोग आहे का?

तुम्ही लिहिलंय की चार दिवसांच्या झडीनंतर मक्याच्या बुंध्याशी, जमिनीच्या वर लोंबणाऱ्या जाड मुळांच्या टोकांवर काचेसारखा पारदर्शक, बुळबुळीत थर दिसतोय. पीक कुजायला लागलंय का आणि बुरशीनाशक फवारायचं का, असा तुमचा प्रश्न आहे.

फवारू नका. हा रोग नाही, तो थर मक्यानेच तयार केलाय. खात्री करायची असेल तर बुंध्याजवळ नाक नेऊन वास घ्या. जिवाणूजन्य खोडकूज असेल तर खालची कांडी मऊ आणि तपकिरी पडते, घाण वास येतो आणि ताट तिथूनच मोडतं. तुमच्या सांगण्यानुसार खोड हिरवं आहे, मुळं टणक आहेत आणि वास नाही. म्हणजे काळजीचं कारण नाही.

पदव्युत्तर अभ्यासासाठी मी दोन पावसाळे हाच पदार्थ गोळा करत होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. याला म्युसिलेज म्हणतात. सकाळी लवकर शेतात जाऊन ही आधारमुळं कापायची आणि पातेल्यातल्या पाण्यात ठेवायची. कोरडं असताना टोकावर नुसती चकाकी असते, पाणी मिळालं की ती सब्जाच्या बीसारखी फुगते. मग सुई काढलेल्या सिरिंजने ती हलकेच ओढून घ्यायची. वाटीभर जमवून वाळवलं की हाती चिमूटभर पापुद्रा उरायचा, कारण पूर्ण फुगलेल्या थरात जवळजवळ सगळं पाणीच असतं. उरलेला भाग मुख्यतः साखरेच्या लांब साखळ्यांचा: गॅलॅक्टोज, फ्युकोज, अरॅबिनोज, झायलोज, ग्लुकुरॉनिक आम्ल. त्यात थोडी प्रथिनंही असतात. तुम्हाला थर पावसानंतरच दिसला तो या फुगण्यामुळेच.

जमिनीखालच्या मुळांनाही हे सुटतं, फक्त आपल्याला दिसत नाही. मुळाच्या टोकावर पेशींची टोपी असते. ती म्युसिलेज सोडते आणि स्वतःच्या बाहेरच्या पेशीही रोज हजारोंनी झडवते. या पेशी आणि हा चिकटा मिळून वंगणाचं काम करतात. मुळाची टोपी काढून प्रयोग केले तेव्हा त्याच मक्याच्या मुळाला घट्ट मातीत शिरायला जास्त जोर लावावा लागला. ट्रॅक्टरने दाबलेल्या रानात मका कसा तग धरतो, याचं एक उत्तर इथे आहे.

पाण्याशी असलेलं त्याचं नातं मला सगळ्यात विलक्षण वाटतं. अनेकांना वाटतं की हा मुळाभोवतीचा पाण्याचा साठा आहे. तसं नाही. माती थोडी सुकली तरी त्यातलं बरंचसं पाणी निघून जातं. महत्त्वाचं आहे ते मुळाची त्वचा आणि मातीचे कण यांच्यामध्ये ओलाव्याचा धागा टिकवणं. पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, मक्याच्या म्युसिलेजमध्ये तो ४८ च्या आसपास येतो, कारण त्यात साबणासारखं काम करणारे मेदपदार्थ असतात. त्यामुळे सुकत्या मातीत पाणी कसं धरलं जातं आणि कसं सरकतं तेच बदलतं. पण हाच थर पूर्ण वाळला की काही काळ पाणी झटकून टाकतो आणि पहिल्या पावसात मुळाभोवतीची माती उशिरा भिजते. एकच पदार्थ ओला असताना एक आणि वाळल्यावर दुसरा.

ॲल्युमिनियम, शिसं, तांबं यांसारखे धातूही तो बांधून ठेवतो. ग्लुकुरॉनिक आम्लावरच्या ऋण भाराचा त्यात मोठा वाटा आहे.

आता नत्राबद्दल. ‘मका हवेतला नत्र घेतो, युरिया नको’ असे व्हिडिओ तुमच्याही पाहण्यात आले असतील. त्यामागची गोष्ट खरी आहे, पण ती मेक्सिकोतल्या ओअहाका राज्यात घडते. सिएरा मिहे डोंगरात, तोतोंतेपेक भागात, मिहे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एक उंच, उशिरा पिकणारा मका आहे. त्याला आठ-दहा पेरांवर हवाई मुळं फुटतात आणि त्यांवरून हा चिकटा अक्षरशः ठिबकतो. २०१८ साली ‘प्लॉस बायॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या मक्याने आपल्या नत्रापैकी २९ ते ८२ टक्के हवेतून मिळवल्याचं आढळलं. हवेतला नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंचं विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होतं. थराच्या आत, काही मिलिमीटर खोलीवर, ऑक्सिजन फार कमी असतो आणि खायला साखर भरपूर. हरभऱ्याच्या मुळावरची गाठ कापली की आत लालसर दिसते, तो रंग ऑक्सिजन आवरून धरणाऱ्या प्रथिनाचा. जे काम तिथे ते प्रथिन करतं ते इथे हा थर करतो. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आणि श्रेय आधी ते बियाणं राखणाऱ्या शेतकऱ्यांचं आहे, हे मला आग्रहाने सांगायचंय.

आपल्या संकरित वाणांना मात्र अशी मुळं सहसा दोन-तीनच पेरांवर येतात आणि थरही थोडाच सुटतो. त्यावर विसंबून युरियाचा हप्ता चुकवलात तर खालची पानं टोकाकडून मधल्या शिरेवर इंग्रजी व्ही अक्षरासारखी पिवळी पडतील. तो फटका कणसाला बसतो.

वाफसा आला की मातीची भर लावा. ही मुळं मातीत गेली की ताटाला पक्का आधार मिळेल आणि वाऱ्यात मका लोळणार नाही. चिकटा पुसायची किंवा मुळं छाटायची गरज नाही. जमिनीत तो काय करतो ते पाहायचं असेल तर विरळणीत निघणारं एखादं कोवळं रोप पाण्याने न धुता, हलक्या हाताने मातीसकट उपटा. मुळाभोवती मातीची बाही चढलेली दिसेल, टोक मात्र पांढरं, स्वच्छ. ती माती मुळावरच्या केसांनी आणि याच चिकट्याने धरून ठेवलेली असते.