नऊ वर्षांच्या भाचीसोबत ओळखीतल्या माणसाने वाईट प्रकार केला. घरचे म्हणतात, "लहान आहे, विसरून जाईल." खरंच विसरेल का?

नाही, अशी गोष्ट आपोआप पुसली जात नाही. ती पुन्हा अंथरूण ओलं करते, ट्यूशनचं नाव काढलं की पोट दुखतं, असं तुम्ही लिहिलंय. ही नाटकं नाहीत, ती भीतीच आहे. काही मुलं चिडकी होतात, काही एकदम गप्प आणि शहाण्यासारखी वागतात. मला काळजी या गप्प मुलांची जास्त वाटते, कारण त्यांच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

पण मूल यातून सावरतं, घरचं कोणीतरी त्याच्या बाजूने ठाम उभं राहिलं तर. तिला आजच सांगा, "सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काहीच चूक नाही." खोदून खोदून विचारू नका, चार नातेवाइकांसमोर तर मुळीच नको. त्या माणसाचं येणंजाणं आजपासून बंद.

१०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीवर फोन करा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानुसार (२०१२) कळवणं बंधनकारक आहे. जबाब घरीही घेता येतो, पोलीस गणवेशात नसतात, मुलीची ओळख उघड करता येत नाही. "कपड्यांवरूनच हात लावला ना" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका; कपड्यांवरून हात लावणं म्हणजे लैंगिक अत्याचार नाही, असा मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला.

मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातल्या, मानसोपचार विभागात तिला दाखवा. तिच्या आईलाही सोबत न्या, तिलाही आधार लागेल.