डिक्शनरीत डिक्शनरी, आणि मालकांना पाहिजे एक्सेल

प्रश्न: नमस्कार सर, मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, पायथॉन जेमतेम येतं. प्रत्येक हीटचा (भट्टीतल्या एका वितळणीचा) डेटा जेसनमध्ये मिळतो, हीटच्या आत केमिस्ट्री, तिच्या आत फर्नेस आणि लॅडल (ओतायचं भांडं), त्यात कार्बन, सिलिकॉन वगैरे. मालकांना एका ओळीत एक हीट असं एक्सेल पाहिजे. मित्राने एका ओळीचं कॉम्प्रिहेन्शन (अख्खा लूप एका ओळीत लिहायची पद्धत) करून दिलंय, चालतंय, पण काय चाललंय तेच कळंना, आणि आता त्यालाही सांगता येईना. वाचता येईल असं कसं लिहायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: तुम्ही पाठवलेली ती ओळ बघितली. त्यात आत-आत शिरणं आणि कॉलमचं नाव तयार करणं ही दोन कामं एकाच जागी कोंबलीत, म्हणून ती डोक्यावरनं जाते. दोन्ही वेगळी करा, अर्धा गोंधळ तिथंच संपतो.

एक छोटं जनरेटर फंक्शन लिहा, म्हणजे यील्ड वापरून एकेक उत्तर बाहेर देणारं. त्याला दोनच गोष्टी द्यायच्या, डिक्शनरी (जेसन वाचल्यावर पायथॉनमध्ये मिळते ती, की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांची) आणि इथपर्यंतचा रस्ता, रस्ता म्हणजे सुरुवातीला रिकामा टपल, न बदलणारी यादी (लिस्ट नको, डिफॉल्टला ठेवलेली लिस्ट प्रत्येक कॉलला तीच राहते आणि जुना माल पुढच्या हीटमध्ये येऊन बसतो). आत आयटम्सवर साधा फॉर लूप. नवा रस्ता म्हणजे जुना रस्ता अधिक ही की, तिच्यामागचा स्वल्पविराम विसरलात तर तो टपलच होत नाही आणि एरर येते. व्हॅल्यू डिक्शनरी असेल आणि रिकामी नसेल तर यील्ड फ्रॉम करून हेच फंक्शन परत बोलवा, नाहीतर रस्ता आणि व्हॅल्यू यील्ड करा. झालं, पाच-सहा ओळी. केमिस्ट्री, लॅडल, कार्बन असा टपल बाहेर येतो आणि त्याला टिंबाने जोडून कॉलमचं नाव करायचं ते फंक्शनच्या बाहेर, एका ओळीत. उद्या मालक म्हणाले टिंब नको अंडरस्कोर पाहिजे, तर तेवढीच ओळ बदलायची.

‘रिकामी नसेल तर’ हे मुद्दाम घातलंय. स्पेक्ट्रो (केमिस्ट्री मोजायची टेस्ट) घेतलाच नाही अशा हीटची केमिस्ट्री रिकामी येणार, आणि ती अट नसेल तर ती नोंद गुपचूप गायब होते. अट घातली की ‘केमिस्ट्री’ नावाचा एक जादा कॉलम तयार होतो. म्हणून सीएसव्हीच्या (एक्सेलमध्ये उघडणारी साधी फाइल) डिक्टरायटरला, म्हणजे डिक्शनरीच्या ओळी लिहिणाऱ्या पायथॉनच्या साधनाला, कॉलमची यादी देताना पहिल्या हीटवरून बनवू नका, सगळ्या हीट फिरून बनवा, नाहीतर यादीत नसलेला कॉलम दिसला की तो व्हॅल्यूएरर देतो. उलट एखाद्या हीटमध्ये कॉलम नसेल तर तो जागा रिकामी सोडतो, त्याची काळजी नको.

कीमध्येच टिंब असेल तर दोन वेगळे रस्ते एकाच नावाचे होऊ शकतात आणि डिक्शनरी काही न बोलता आधीचं पुसून टाकते, तेव्हा जोडण्याआधी किती जोड्या होत्या आणि नंतर किती उरल्या एवढं मोजा. रिकर्शनचं, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलवण्याचं, भ्या बाळगू नका, पायथॉनची मर्यादा मुळात 1000 असते, तुमचा डेटा तीन-चार पातळ्या खोल.

पांडाज या पायथॉनच्या डेटा लायब्ररीमधलं जेसन_नॉर्मलाइझ हे काम करतं, पांडाज आधीच वापरत असाल तर खुशाल तेच घ्या, पण एवढ्यासाठी शॉपफ्लोअरच्या पीसीवर ते इन्स्टॉल करत बसू नका. लिस्ट मात्र ते आपणहून उलगडत नाही, आपलं फंक्शनही नाही. एका हीटचे तीन सॅम्पल लिस्टमध्ये येत असतील तर आडवे कॉलम वाढवण्यापेक्षा सॅम्पलची वेगळी शीट करा आणि तिच्यात हीट नंबर टाका.