बालरोग एमडीनंतर अमेरिकेत अ‍ॅडोलेसंट मेडिसिनची, म्हणजे किशोरवयीनांच्या आजारांची, फेलोशिप किती वर्षांची?

मिरजेत बालरोगात एमडी करताय म्हणता, तर तुम्हाला ३ वर्षं. इंटर्नल किंवा फॅमिली मेडिसिनवाल्यांचं २ वर्षांत भागतं. पण सहसा त्याआधी तिथली रेसिडेन्सी, म्हणजे आपल्या एमडीसारखं प्रशिक्षण, पुन्हा करावी लागते, ती धरून हिशेब मांडा.

शिकवतात काय? पाळीच्या तक्रारी, खाण्याचे आजार, व्यसनं, नैराश्य. आणि सगळ्यात अवघड म्हणजे पोरांशी एकट्यानं बोलणं. माझ्या सांगलीच्या ओपीडीत पोटदुखीची पंधरा वर्षांची पोरगी आली होती. आईला बाहेर बसवलं तेव्हा हळूच म्हणाली, "डबा रोज कुत्र्याला घालते." सोनोग्राफी आधीच दोनदा झालेली!

तोवर सरकारी दवाखान्यातल्या मैत्री क्लिनिकमध्ये आठवड्यातून एकदा जाऊन बसा. किशोरवयीनांसाठीच असतं ते.