डोक्यात तेच तेच फिरतंय

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची, चाचणीत मार्क कमी पडल्यापासून रात्रभर "मला काहीच जमत नाही" हेच घोकत बसते, मेंदूचा स्कॅन करावा का?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर: ताई, स्कॅनवर पैसे घालवू नका, असल्या विचारांचं निदान त्यात होत नाही. या वयात मेंदूतला भावना पेटवणारा भाग, अमिग्डाला, जोरात असतो आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स पार पंचविशीपर्यंत तयार होत राहतो, म्हणून एकदा चक्र सुरू झालं की तिला थांबवणं खरंच जड जातं, नाटक नाहीये ते. "विचार करू नको" तर अजिबात म्हणू नका, उलट वाढतं. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाकडे चक्कर मारा दोघी, बोलली तर मध्ये न तोडता ऐका. दोन आठवडे असंच चाललं तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, आणि जिवाचं काही बरंवाईट करण्याचं बोलली तर लगेच, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्री आहे.