बेळगावजवळच्या खानापूरच्या तांबड्या मातीच्या वाट्यांना जाळी पडते, काय बदलू?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमच्या वाट्यांना महिनाभरात बारीक जाळी पडते, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाला (ग्लेझला) केसासारखे तडे जातात, म्हणून आता माती, ग्लेझ, भट्टी सगळंच बदलून बघणार आहात. कृपा करून एकदम सगळं बदलू नका. मी तेच केलं होतं. एका भट्टीत शेवाळी रंगाची इतकी देखणी वाटी निघाली, पण ती कशामुळे साधली हे मला आजतागायत कळलेलं नाही.

थंड होताना ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसलं की जाळी पडते. त्यात आपली माती १००० अंशांना भाजली तरी सच्छिद्रच राहते. रोजच्या वापरात ती पाणी पिते, किंचित फुगते, आणि वरचं ग्लेझ ताणून तडकतं. म्हणूनच भट्टीतून चांगली निघालेली वाटी नंतर बिघडते. आमच्या घरच्या एका वाटीत आमटीची हळद त्या रेषांत अशी उतरली होती की तळाला पिवळं कोळ्याचं जाळंच दिसायचं. घासून घासून हात दुखले, गेलं नाही.

तेव्हा माती तीच, भट्टी तीच ठेवा. कोरडं ग्लेझ १००-१०० ग्रॅम चार डब्यांत घ्या. एक तसंच ठेवा, बाकीच्यांत ५, १० आणि १५ ग्रॅम सिलिका, म्हणजे गारेची बारीक पूड घाला, तिने ग्लेझ कमी आकसतं (तोंडाला मास्क हवाच, ती धूळ फुप्फुसाला वाईट). चार छोट्या वाट्यांना लावा, तळाला गेरूने आकडा घाला. पेनचा आकडा जळून जातो. भाजल्यावर उकळत्या पाण्यातून बर्फाच्या पाण्यात, असं तीन-चारदा करा. मग शाई चोळून पुसली की जाळी लपत नाही. माझ्याकडे १० ला जाळी थांबली, १५ ला ग्लेझ नीट वितळलंच नाही. तुमचा आकडा वेगळा येईल, कारण खाण बदलली की माती बदलते.

शिसं असलेलं फ्रिट (ग्लेझमध्ये घालायची काचेची पूड) मात्र कितीही चकाकी देवो, जेवणाच्या भांड्याला नको. आपल्याकडे सोलकढी, चिंचेची आमटी रोजची. आंबटात शिसं उतरतं आणि डोळ्यांना ते दिसत नाही.

खानापूरला खादी ग्रामोद्योगची कुंभारकाम शिकवणारी संस्था आहे, तिथे एकदा जाऊन या. आणि जाळी न पडलेली पहिली वाटी लगेच विकू नका, दोन महिने घरात आमटीला वापरा.