सर्व्हर क्लाउडवर नेल्याने पर्यावरणाचा खरोखर फायदा होतो का?

क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या डेटा सेंटरमधल्या (सर्व्हरच्या मोठ्या केंद्रातल्या) भाड्याच्या यंत्रांवर, गेल्याने वीज वाचते की ती फक्त आपल्या नजरेआड जळते, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या अनुभवाप्रमाणे ती खरोखर वाचते, कारण त्याच कामासाठी लागणारी यंत्रे कमी होतात.

मी एका पतसंस्थेचा संगणक विभाग सांभाळतो. आमच्या मुख्य कार्यालयात जिन्याखालच्या खोलीत चार सर्व्हर होते. महिनाअखेरीस व्याजाची आकारणी चाले त्या रात्री ते कामाला लागत. एरवी त्यांच्या प्रोसेसरचा वापर १० टक्क्यांवरही जात नसे, आणि रिकामा सर्व्हरसुद्धा पूर्ण भाराच्या निम्म्याच्या आसपास वीज ओढत राहतो. स्वतंत्र मीटर बसवून पाहिले, तेव्हा सर्व्हरना दिवसाला २४ युनिट, आणि चोवीस तास चालणारा दीड टनाचा एसी व यूपीएस यांना मिळून आणखी २१ युनिट लागत होते. कोळशावर भिस्त असलेल्या आपल्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे वर्षाला ११ टनांहून अधिक, तोही बहुतांशी रिकाम्या बसलेल्या यंत्रांपायी. हा हिशेब मांडला तेव्हा मला खरोखर वाईट वाटले.

मोठ्या डेटा सेंटरमध्ये एकाच यंत्रावर अनेक ग्राहकांची कामे बसवलेली असतात, त्यामुळे एकाचा रिकामा वेळ दुसऱ्याच्या उपयोगी पडतो. शिवाय आमच्याकडे सर्व्हरच्या एका युनिटमागे जवळजवळ तेवढीच वीज वरखर्चात, म्हणजे एसी व यूपीएसमध्ये, जात होती, तिथे गूगल आपल्या केंद्रांसाठी हाच वरखर्च सुमारे ०.१ युनिट सांगते. फिनलंडमध्ये हामिना येथे जुन्या कागद गिरणीच्या जागी उभारलेले त्यांचे केंद्र तर समुद्राच्या पाण्याने थंड ठेवले जाते. २०१० ते २०१८ या काळात जगातील डेटा सेंटरांमधले काम सुमारे साडेसहा पट झाले, पण त्यांचा वीजवापर अवघा ६ टक्क्यांच्या आसपास वाढला, असा अंदाज २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. एआयमुळे हे चित्र आता बदलत आहे, हेही सांगितले पाहिजे.

आम्ही आमचे काम क्लाउडवर नेले, पण तो क्लाउड मुंबई विभागातला आहे, म्हणजे वीज त्याच ग्रिडची; युनिट कमी झाले, तरी उरलेल्या युनिटांमागचा कोळसा सुटलेला नाही. आणि स्थलांतरानंतर पहिले दोन महिने चाचणीची तीन आभासी यंत्रे (क्लाउडवर सॉफ्टवेअरने तयार केलेले सर्व्हर) आम्ही रात्रंदिवस चालूच ठेवली होती, म्हणजे जिन्याखालची चूक पुन्हा तिथे केली. आता ती रात्री आठला आपोआप बंद होतात. तुम्ही निर्णय घेण्याआधी महिनाभर सर्व्हर आणि एसी यांना वेगळे मीटर लावून पाहा.